नामाकाकांचं रविवारचं पॉलिश

नामाकाका गाडीवर थुंकायचे. दुसऱ्याच्या गाडीवर, मालक समोर उभा असताना. बॉनेटवर पक्ष्याची घाण वाळून डाग पडला असला, की ते तंबाखूची गोळी गालात सरकवायचे, डागावर नेमकी थुंकी टाकायचे आणि बनियनच्या तुकड्यानं गोल गोल घासायला लागायचे. मी मान फिरवायची. मालक मात्र कौतुकानं बघत राहायचा. "ह्याला हातकाम बोलतात," काका त्याला सांगायचे. "बाटलीतल्या औषधाला माया नसते."

मी त्यांना अहो-जाहो करते ते वयाकडे बघून, एवढं आधीच सांगून ठेवते.

दापोड्याला गोदामांच्या रांगेत आम्हा नवरा-बायकोची शेड आहे. नवरा गाड्या धुतो, पॉलिशचं बफिंग मशीन मी चालवते. शेजारी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठचं आवार आणि त्याच्या कुंपणाला लागून, पत्र्याखाली, टेमघरचे नामाकाका. मी पहिल्यांदा मशीन सुरू केलं तेव्हा ते कानांवर हात ठेवून शेडच्या दारात येऊन उभे राहिले. "बाईच्या हातात मशीन आन् बाप्याच्या हातात फडका. चांगलाच दिवस दावला देवानी." मग बॉनेटवर बोट ठेवून म्हणाले, "हा गाडीची कातडी सोलतं, पोरी. आज चमकंल, उद्या उघडी पडंल."

त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. मशीन एका जागी जास्त टेकलं की रंग जळतो, विशेषतः कडांना. एकदा दाराच्या कडेवर माझं तसं होत होतं, तर काकांनी कुंपणापलीकडून नुसत्या वासावरून ओळखलं आणि ओरडून मला थांबवलं. रंग वाचला. त्या दुपारी त्यांनी आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी माझ्यापुढे सरकवली. आधी स्वतःच्या हातानं दोन तुकडे केले, हात न धुता. मी खाल्ली. नाही म्हणायला तोंड उघडेना. माणूस लाघवी होता, हीच तर पंचाईत होती.

त्यांची खरी कमाई शेठच्या आवारातल्या कामाची. तिथे ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्या यायच्या. फाटलेला पत्रा कसाबसा जोडायचा, खड्ड्यात लांबी भरायची, वरून रंग मारायचा. लांबी म्हणजे डेंटिंगवाले भरतात ती पुट्टी. गाडी चार रस्ते हादरली की त्या लांबीला केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांचा बंदोबस्त नामाकाकांकडे. एका डब्यात ते मेण, तेल आणि गाडीच्या रंगाची भुकटी कालवून ठेवायचे, त्याला 'मसाला' म्हणायचे. अंगठ्यानं तो मसाला भेगेत जिरवायचा, वरून फडका मारायचा. गाडी नव्या नवरीसारखी उभी राहायची आणि गिऱ्हाईक म्हणायचं, हातपॉलिशची सर मशीनला नाही. खरंच नाही. मशीन गरम होतं, मेण उपटून काढतं आणि खालची भेग जगाला दाखवतं. काकांचा मशीनवरचा राग गाडीच्या कातडीसाठी नव्हता, हे कळायला मला वर्ष लागलं. कळलं तेव्हा मी त्यांना तोंडावर चांगलंच सुनावलं. ते हसले. "गिऱ्हाईक डोले घेऊन येतं ना? मंग बघावा त्यानी."

मग एक गाडी आली आणि ते हसणं बंद झालं. ती गाडी त्यांच्या जावयाची होती.

काकांची मुलगी प्रतिभा कामतघरला दिलेली. जावई निलेश एका गोदामात सुपरवायझर. त्यानं कल्याणकडच्या एका दलालाकडून तांबडी गाडी घेतली, सासऱ्यांना चकित करायचं म्हणून कोणाला काही न विचारता. हार घालून, प्रतिभाच्या सासूला आणि लहान मुलीला मागे बसवून ती सगळी टेमघरला पेढे द्यायला आली. काकांनी त्या गाडीकडे एकदा पाहिलं आणि ओळखलं. मागच्या दाराजवळचा, छप्पर तोलणारा खांब त्यांनीच शेठच्या आवारात मसाल्यानं बुजवला होता. आतला पत्रा कापून जोडलेला आहे, बाजूनं धक्का बसला तर तो खांब टिकणार नाही, हे त्या अंगणात एकट्या त्यांना माहीत होतं. त्यांनी पेढा खाल्ला.

पुढच्या रविवारपासून नामाकाका डबा आणि फडका पिशवीत घालून रिक्षानं कामतघरला जायला लागले. अर्धा दिवस ती गाडी घासायची. चाळीतल्या बाया प्रतिभाला म्हणायच्या, "बाप असावा तर असा." सोमवारी काका मला तेच रंगवून सांगायचे. "जावई बोलला, पप्पा, सर्व्हिसवाल्याला देतो. मी बोललो, माज्या पोरीच्या गाडीला परका हात लागाचा न्हाय." माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं एकदा. आज त्या पाण्याचीही मला शिसारी येते.

निलेशलाच शेवटी त्यांची दया आली. एका सकाळी तो प्रतिभाला आणि मुलीला घेऊन गाडीसह माझ्या शेडमध्ये आला. "ताई, पप्पांची कंबर धरते आता. तुम्ही एकदाच मशीननं पक्कं करून टाका, म्हणजे त्यांना यायला नको."

नात आजोबांना शोधत कुंपणाकडे धावली. काका तिला कडेवर घेऊन आले आणि गाडी पाहून जागच्या जागी उभे राहिले. "पोरी, तिला मशीन लावू नको," ते मला म्हणाले. "मी करतंय हातानी."

"पप्पा, बसा ना तुम्ही," निलेश म्हणाला.

मी गाडीभोवती फिरले. मागच्या दाराजवळ रंग नको इतका गुळगुळीत होता. काकांकडे पाहिलं, तर त्यांनी नजर नातीच्या केसांत खुपसलेली. मला काय ते समजलं. मी मशीन सुरू केलं आणि सरळ त्या खांबाला लावलं. क्षणात मेणाचे तांबडे शिंतोडे माझ्या कपड्यांवर उडाले आणि खांबावर वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ उघडी पडली. मी मशीन बंद केलं. शेडमधला लोहचुंबक आणून तिथे लावला. तो चिकटला नाही, खाली पडला.

"हे काय आहे?" निलेशनं विचारलं.

"लांबी आहे," मी म्हटलं. "गाडी मोठ्या अपघातातली आहे. हा खांब कापून जोडलाय. जोराचा धक्का बसला तर आत येईल. आजपासून हिच्यात कोणाला बसवू नका."

प्रतिभा माझ्याकडे बघतच नव्हती. ती बापाकडे बघत होती. दर रविवारी तिथेच सगळ्यात जास्त वेळ घासताना तिनं त्यांना पाहिलं असणार.

"बाबा, तुमाला ठाव होता?"

काकांनी लपवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहिते. "तू पेढे घेऊन आली तवाच वलखली. मीच भरलेली ती."

"मंग बोलला का न्हाय?"

"नारल फुटलेला. हार घातलेला. सासू तुजी दारात उभी. घरात लक्ष्मी आली, तिला मी खोटी कशी बोलू? जावयाच्या तोंडावर? बोलू बोलू करता रविवार येत गेला."

"आन् तुमी मसाला भरत गेले."

"मना वाटला, चमकत व्हती तवर तुज्या घरात भांडान व्हनार न्हाय."

प्रतिभा पुढे झाली आणि तिनं त्यांच्या कडेवरची मुलगी काढून घेतली. ओढली नाही, रागावली नाही, नुसती काढून घेतली. तिघं रिक्षानं गेली. गाडी माझ्या शेडमध्येच राहिली. काका कुंपणापलीकडून डबा आणि फडका घेऊन आले, अंगठ्यावर मसाला घेतला आणि ती रेघ पुन्हा बुजवायला लागले. बघणारं कोणी उरलं नव्हतं तरी. मी त्यांच्या हातातला फडका हिसकावून घेतला. तो कोमट होता, चिकट होता. मी त्यानंतर साबणानं तीनदा हात धुतले.

त्यांनी दापोडं सोडलं. निलेशनं ती गाडी भंगारात काढली, दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारली नाही. त्या घरात तेवढा तरी माणूस निघाला. कामतघरच्या दारात काका दोन वेळा जाऊन आले म्हणतात. आतून चहा आला, नात बाहेर आली नाही.

यंदा ते गेले. मी टेमघरला गेले होते. अंगणात पुरुषमंडळी बसली होती आणि शेठनं पाठवलेला माणूस सांगत होता, "असा हात पुन्हा होणे नाही. लेकीवर तर केवढा जीव. दर रविवारी जायचा बिचारा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन, मयताच्या घरी माणूस काय करणार.

प्रतिभा ओट्यावर माझ्या शेजारी बसली होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती हळू बोलली, मला एकटीला ऐकू येईल असं.

"दर रविवारी पॉलिश झाला, का आमाला फिरून या बोलायचे. पोरीला सोता उचलून मागं बसवायचे, ताई. त्याच खांबाकडं. खिडकी पायजे असायची ना तिला."