दुरुस्तीनंतरचा फोन

आकडेमोड मला कधी जमली नाही, म्हणून वसईत टेलिफोनच्या तक्रार कक्षातली नोकरी धरली. काम बोलण्याचं होतं. लाइनमन दुरुस्ती करून आला की त्या घरी फोन लावायचा. घरच्या माणसाने स्वतः ‘चालू आहे’ म्हटलं की तक्रार बंद करायची.

चांदीप गावातल्या एका घरात सुनेचे दिवस भरले होते. गाडी बोलवायला त्यांच्याकडे फोनशिवाय सोय नव्हती. लाइनमनने तार जोडल्याचं कळवलं. मी फोन लावला, तो एका म्हातारीने उचलला.

“फोन चालू झाला ना, मावशी?”

“झाला, बाय.”

“सूनबाई कशा आहेत?”

“बरी हाय. इथंच बसलीय.”

मी तक्रार बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेचा नवरा ऑफिसात आला.

“फोन मेलेलाच आहे, मॅडम. तक्रार बंद कुणी केली?”

“तुमच्या आईंशी बोलले मी.”

“आईला जाऊन दोन वर्षं झाली.”

मी माझी चिठ्ठी काढून तक्रारीच्या वहीशी ताडून पाहिली. तिच्यावर नंबर उतरवताना शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले होते. लाइनमन लगेच पुन्हा गेला आणि लाइन सुरू करून आला. संध्याकाळी त्याच फोनवरून गाडी बोलावली गेली आणि सून वेळेत दवाखान्यात पोहोचली.

ते कळल्यावर मी चिठ्ठीवरचा नंबर मुद्दाम फिरवला. पहिल्याच रिंगला तोच आवाज आला.

“मावशी, तुमच्या घरी कोण कोण असतं?”



“तू सांगशील ते, बाय.”