वाघीची सालबंदी

"बैलांची बंदी धरा. कुत्रीची नको," किसन म्हणाला.

त्याची आई भागीबुढी शेजारीच बसली होती. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिच्या हातात दोरी होती आणि दोरीला वाघी नावाची तांबडी कुत्री. "वाघीचीबी धरा," बुढी शांतपणे म्हणाली.

मी तेव्हा अमरावतीत दाजीबांच्या हाताखाली ढोरवैद्य होतो. परदेशात कुठं लढाई लागली होती म्हणतात, त्यामुळे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. रस्ताभर कापसाच्या गाड्या, आणि आमच्या अंगणात खांदे सोलवटलेले बैल. सालबंदी म्हणजे साधा करार. सुगीला मालकानं टोपलंभर ज्वारी द्यायची. मग वर्षभर जनावराला काहीही झालं तरी औषधपाणी आमचं. काहीच झालं नाही तरी ज्वारी आमचीच.

अडचण ज्वारीचीच होती. ज्यानं त्यानं कापूस पेरला होता. किसनच्या वावरातही ज्वारीच्या चारच ओळी होत्या. घरात खायला मोजकी, त्यातून कुत्रीसाठी टोपलं द्यायचं त्याच्या जिवावर येत होतं. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

पण बुढीचं म्हणणंही खरं होतं. वाघी पुढं चालली की ती एकटी देवळात जाई, बाजारात जाई. गाडी आली की वाघी तिला कडेला ओढून घेई. डोळे गेल्यावर वर्षभर ती खाटेवर बसून होती. तिला पुन्हा बसायचं नव्हतं.

दाजीबांनी मला बाजूला घेतलं. "आज कुत्री धरली, तर उद्या कोनी मांजर घेऊन येईन."

"हे कुत्री बैलावानी काम करून राहिली, दाजीबा."

"मंग तूच तपासून पाह्य."

मी वाघीचं तोंड उघडून दात पाहिले, पाय दाबले. एका कानात जुनी जखम होती. मी स्पष्ट सांगितलं की कानाचं दुखणं आधीचं, ते बंदीत येणार नाही. पिसाळली तर मी हात लावणार नाही. आणि म्हातारपणावर माझ्याकडे औषध नाही.

"म्हातारपनाचं मले नोका सांगू," बुढी म्हणाली. "बाकी कबूल."

किसननं मान डोलावली. आईपुढं त्याचं फार चालत नसे.

ते वर्ष वाघीला साधी शिंकही आली नाही. सुगीला किसन टोपलं घेऊन आला, पण बैलांचंच. कुत्रीची ज्वारी फुकट गेली, आता बंदी नको, असं त्याचं म्हणणं. मागून बुढी आली, वाघीच्या दोरीला धरून.

"फुकट काहून गेली? वर्षभर मी बिनघोर हिंडली. ते कोनाच्या हिशोबात धरशीन?"

किसन तसाच मागं फिरला. घरी जाऊन दुसरं टोपलं घेऊन आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाजाराच्या वाटेवर एक गाडी मागं सरकली. वाघीनं बुढीला ओढून बाजूला घेतलं, पण तिचा स्वतःचा पुढचा पंजा चाकाखाली आला. किसननं तिला उचलून पळतच आणलं. त्याचा सदरा रक्तानं भरला होता. मी कडुलिंबाच्या पाण्यानं पंजा धुतला, हाडं जागेवर बसवली, हळदीचा लेप देऊन बांबूच्या कामट्या बांधल्या. तिनं चावू नये म्हणून तोंड किसननंच धरलं होतं. "धीर धर, माय," तो तिला पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पाय वाचेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. रोज सकाळी किसन दोघींना बैलगाडीनं आणी. बुढी वाघीच्या डोक्यावर हात ठेवून बसे. दाजीबाही येऊन लेपाचा वास घेत, जखम सडत नाही ना ते पाहत. हळूहळू सूज उतरली. एके दिवशी वाघीनं पंजा जमिनीवर टेकवला, आणि दोनेक महिन्यांत ती लंगडत का होईना, बुढीला घेऊन बाजारात पोचली. किसन काही अंतर ठेवून मागं चालत होता.

पुढं मी पुष्कळ वर्षं बंद्या धरल्या, अकोल्यापर्यंत. एवढं कळलं की जनावर धड राहिलं तर मालकाला ज्वारी वाया गेली असं वाटतं, आणि आजारी पडलं तर वैद्याला ज्वारी कमी पडली असं वाटतं. दोघांनीही थोडं कुरकुरावं, म्हणजे बंदी बरोबर धरली असं समजावं.