माप घेणारे मिस्त्री

नमस्कार करायच्या आधी त्यांचा हात शर्टाच्या खिशात जायचा. खिशातून पोलादी टेप निघायची, आणि समोर खुर्ची असो, दार असो की माणूस, मिस्त्री विचारायचे, "माप घेतलं का?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या एका प्रश्नाने चाललेलं काम अडतं. आमचे मिस्त्री तसे होते. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते पंचवटीतल्या आमच्या छोट्या संस्थेत येऊ लागले. ज्यांना चालता येत नाही त्यांना आम्ही व्हीलचेअर आणि तीनचाकी सायकली देतो. मी तिथलं कार्यालय सांभाळते. मिस्त्री पगार घेत नसत. चहा मात्र दोनदा घेत, आणि दुसरा पातळ झाला की कारखान्यातल्या मापाच्या भाषेत सांगत, "मॅडम, टॉलरन्सच्या बाहेर गेला."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मान दुखती ना?" मी हो म्हणेपर्यंत टेबलाचं माप घेऊन झालं होतं. दुसऱ्या दिवशी टेबलाचे पाय दोन इंचांनी कापले गेले. माझी मान दुखायची थांबली.

निफाडकडचे एक मोठे द्राक्ष निर्यातदार हे आमचे सर्वांत मोठे देणगीदार. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. माणूस मनाने वाईट मुळीच नव्हता. एकसष्टीला पन्नास गरजूंना व्हीलचेअर द्यायच्या, असं त्यांनी ठरवलं. खुर्च्या आल्या, सगळ्या एकसारख्या, चकचकीत. हॉल ठरला, बॅनर छापून झाला. मिस्त्रींनी खुर्च्या तेवढ्या जोडून द्यायच्या होत्या.

"मी नाय जोडणार," मिस्त्री म्हणाले. "माप कुठं घेतलंय?"

शेठ समोरच बसले होते. "अहो मिस्त्री, फुकट देतोय मी. त्यात कसलं माप?"

"म्हणून तर. इकत घेणारा बसून बघतो, नाय पटलं तर परत करतो. फुकट घेणाऱ्याला तोंड नसतं. त्याच्यासाठी आपणच बघायला पायजे."

शेठचा चेहरा उतरला. "मी दिलंच पाहिजे असा काही कायदा नाही. मी माझ्या मनाने देतो. मग कसं द्यायचं तेही मीच ठरवणार."

एवढा मोठा देणगीदार हातचा गेला तर संस्थेला कुलूप लागलं असतं. मी मिस्त्रींना डोळ्यांनी गप्प बसायला सांगत होते, आणि ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"ठरवा की," ते म्हणाले. "फक्त एक सकाळ माझ्यासंगं चला. मग ठरवा."

का कोण जाणे, शेठ तयार झाले.

पेठ रोडच्या बाजूच्या एका वस्तीत आम्ही तिघं गेलो. गल्लीत गाडी शिरेना, म्हणून शेठना चालावं लागलं. हिराबाई तिथे राहते. लहानपणीच्या पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. जमिनीवर बसून, हाताने चालवायच्या मशिनवर ती ब्लाउज शिवते. तिच्या दाराबाहेर दोन व्हीलचेअर उभ्या होत्या. एकीत कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि दुसरीत पाण्याचे कॅन रचून ठेवले होते.

"या वापरत का नाही?" शेठनी विचारलं.

"दारातून आत येत नाय, अन् गल्लीत फिरत नाय."

"मग परत का नाही केल्या?"

"परत कशी करणार, शेठ? फोटो काढला होता ना."

मिस्त्रींनी टेपचं एक टोक शेठच्या हातात दिलं. "धरा." पांढऱ्या पँटमधले शेठ उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसले. दारापेक्षा खुर्ची चार इंच रुंद निघाली.

मग मिस्त्री तिच्यासमोर खाली बसले. "बाई, तुमाला काय पायजे ते तुमी सांगा."

हे तिला आजवर कोणीच विचारलं नव्हतं, आम्हीही नाही. त्या दोन खुर्च्यांतली एक आमच्याच संस्थेची होती.

"गाडी कितीबी चांगली द्या," ती म्हणाली, "संडासाला तीन पायऱ्या हायत."

मग तिने सगळं सांगितलं. उजाडायच्या आत, कोणी बघायच्या आधी, ती हातांवर सरकत तिथे जाते. ओल्या फरशीवर हात टेकावे लागतात. दाराची कडी उंच, तिचा हात पोहोचत नाही, म्हणून शेजारीण बाहेर उभी राहते. दुपारनंतर ती पाणी पीत नाही.

शेठ एकटेच त्या पायऱ्या बघून आले. परतले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "मिस्त्री, हेही मापात घ्या."

हॉल रद्द झाला. एकसष्टीचा दिवस आला आणि गेला. शेठनी आपल्या कोल्ड स्टोरेजचे वेल्डर आमच्याकडे पाठवले. मिस्त्री घरोघर जाऊन माप घ्यायचे आणि खुर्च्या कापून, वाकवून, पुन्हा जोडून द्यायचे. हिराबाईला दारातून जाईल अशी खुर्ची मिळाली आणि लांब जायला तीनचाकी. काहींना खुर्ची नकोच होती, त्यांना तीनचाकी मिळाली. एका आजोबांना फक्त खाटेला धरून उठायला दांडा हवा होता, त्यांना दांडा मिळाला.

वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला रॅम्प करायची परवानगी शेठनी स्वतः खेटे घालून आणली. रॅम्प झाला, पण मिस्त्रींना चढ पटेना. त्यांनी शेठना हिराबाईच्या खुर्चीत बसवलं. "वर जाऊन दाखवा." शेठ अर्ध्यावर पोहोचले आणि मागे घसरू लागले. मी आणि वस्तीतल्या दोन बायकांनी त्यांना धरलं. धापा टाकत शेठ म्हणाले, "मोडा हा." रॅम्प मोडला आणि दुप्पट लांब बांधला. दार रुंद झालं, आत दांडा बसला, कडी खाली आली.

ते काम पुरं झालं त्या सकाळी ना स्टेज होतं ना हार. हिराबाई आपल्या हातांनी चाकं फिरवत वर गेली. कोणी ढकललं नाही. ती आत गेली, दार लागलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

एवढाच आवाज. पण गल्लीतल्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, एकीने तर शिट्टी मारली. आतून हिराबाईचं हसू ऐकू आलं. शेठ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळाने डोळे पुसत मला म्हणाले, "मॅडम, माझी एकसष्टी आज झाली."

मिस्त्री पाना घेऊन रॅम्पच्या कठड्याचा एक बोल्ट आवळत होते.

त्यानंतर आमच्याकडे कोणी देणगी घेऊन आलं, की शेठच त्यांना सांगू लागले, "आधी एक सकाळ मिस्त्रींबरोबर जा." काही जण पुन्हा फिरकले नाहीत. जे गेले, ते टिकले.

मिस्त्री गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. शोकसभेला शेठनी हॉल घेतला. शहरातली मोठी माणसं आली, उद्योजक, डॉक्टर, अधिकारी. हॉल पहिल्या मजल्यावर होता आणि ऐन वेळी लिफ्ट बंद पडली. सभा सुरू होणार तेवढ्यात मी खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता चाकांनी भरला होता. सिन्नरहून, वणीहून, सगळीकडून मिस्त्रींनी माप घेतलेली माणसं आली होती. सर्वांत पुढे आपल्या तीनचाकीवर हिराबाई होती.

मी शेठच्या कानात सांगितलं. त्यांनी माइक हातात घेतला. "सभा खाली होईल," ते म्हणाले, आणि मिस्त्रींचा फोटो स्वतः उचलून जिना उतरू लागले. मागून सगळा हॉल उतरला. हॉलच्या खुर्च्या वरच राहिल्या.

फोटो भिंतीला टेकवून ठेवला. पहिली हिराबाई बोलली. त्या सभेत बसलेले फक्त चाकांवरून आलेले लोक होते. बाकी आम्ही सगळे, शेठसुद्धा, उन्हात उभे राहून ऐकत होतो.