मायच्या कार्डावर काकूचा हात

तो तक्ता मीच टाइप केल्ता, म्हणून हे मलाच सांगावं लागतंय. बाकी कोणी सांगणार न्हाई. तीन वर्सं झाली त्याला.

दुष्काळाचं साल होतं. मी जालन्यात टायपिंगची परीक्षा पास होऊन गावाकडं आल्ते. आमचं गाव राजूरपासून पायी तासाभराचं. शाळेत डॉक्टर लोकांचा कॅम्प लागला, त्यांना टायपिस्ट पायजे होता, आन् गुरुजींनी माझं नाव सांगितलं. आमच्या बौद्ध वस्तीतली टाइप करणारी पहिली पोरगी! मी शाळेत चालत जायचेच न्हाई, पळत जायचे.

काम सोपं होतं. मोठे डॉक्टर दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबायचे, पारा वर चढायचा, कंपाऊंडर आकडा मोठ्यानं बोलायचा, मी कार्डावर टाइप करायचे. कार्डांचे दोन गठ्ठे, एक गावाचा, एक वस्तीचा.

मी विचारलं, "सायेब, दोन कशाला?"

"कोणत्या समाजात ब्लडप्रेशर जास्त, कोणत्यात कमी, ते बघायचंय. गाव एकच, ऊन एकच, तरी फरक पडतो का?"

मला हे इतकं भारी वाटलं! कंपाऊंडर मात्र मला आमच्या जातीचं जुनं नाव टाइप करायला सांगायचा. मी बौद्ध टाइप करायचे.

"अगं, जुनं लिही, सायबाला कळायला पायजे."

"सायबाला वाचता येतं की, भाऊ."

डॉक्टर हसले. बौद्धच राह्यलं.

पहिल्या दिवशी गावातले लोक आले. त्यात विहीर-बागायत असलेले एक म्हातारे बाबा होते, त्यांचा पारा लईच वर गेला. डॉक्टर म्हणाले, "बाबा, आता जड काम बिलकुल बंद." बाबांचं काय, त्यांच्याकडं सालगडी होते. पण संध्याकाळपर्यंत वस्तीत बातमी पोचली, की ज्याचा पारा चढतो त्याचं काम डॉक्टर बंद करतो. आन् आमच्या वस्तीतलं घर न् घर खडी फोडायच्या दुष्काळी कामावर होतं. हजेरी लागली तरच चूल पेटायची.

माझी माय आदल्या वर्षी राजूरच्या बाजारात चक्कर येऊन पडली होती. तिथल्या डॉक्टरनं तेव्हाच ब्लडप्रेशर सांगितलं होतं. गोळ्या कधीच संपल्या होत्या. डोकं ठणकलं की माय फडकं आवळून बांधायची आन् कामावर जायची.

वस्तीची पाळी होती त्या सकाळी ती माझ्या काकूला म्हणाली, "तू जा माझ्या नावानं. तुला कवा डोकंबी दुखत न्हाई."

मी वरडलेच. "माय, ते औषध देणारेत!"

"औषध देतील. आन् हजेरी?"

"डॉक्टरचा आन् मुकादमाचा काय संबंध?"

"सरकार एकच हाय ना? गप बैस. शिकली म्हणून लई कळायलं तुला."

काकू सकाळी स्वतःच्या नावानं बसून गेली, आन् दुपारी लुगडं बदलून मायच्या नावानं आली.

कंपाऊंडर म्हणाला, "बाई, तुमी सकाळी आल्त्या ना?"

"ती माझी जाऊ. आमी दिसतोच सारख्या."

"आवाजबी सारखाच?"

"एका घरात वरडून वरडून सारखा झाला, भाऊ!"

रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. मीबी हसले. अजून कोणाच्या नावावर जावई बसला, कोणाच्या नावावर धाकटा भाऊ. सगळे माझ्या ओळखीचे. मी सगळे आकडे टाइप केले. मायच्या नावापुढं काकूचा आकडा, एकदम बराबर, एकबी चूक न्हाई.

तक्ता झाला तेव्हा डॉक्टर खुश. "बघ, तुमच्या लोकांत किती कमी! अंगमेहनत, साधं खाणं. शरीराची ठेवणच वेगळी असेल."

साधं खाणं म्हंजे काय, ते मला माहीत होतं. डाळ न्हाई, भाजी न्हाई, म्हणून भाकरीसंग मीठ-मिरचीचं पाणी. भाकर उतरावी म्हणून मीठ मुठीनं. मी त्याच वक्ताला बोलायला पायजे होतं. न्हाई बोलले. मायसाठी गप बसले असं लोकांना सांगितलं, पण ते अर्धंच खरं. गावापेक्षा आम्ही कशात तरी चांगले, असं कागदावर पहिल्यांदाच आलं होतं, आन् ते मी माझ्या हातानं टाइप केल्तं. मला ते खोडवलं न्हाई.

मंग गोळ्या वाटल्या. ज्यांचे आकडे जास्त त्यांना. मायला कुठून मिळणार?

महिना झाला असंल. खडीवर भर दुपारी माय हातोडा उचलता उचलता उजव्या अंगावर कलंडली. बैलगाडीतून भोकरदनला नेलं. तोंड वाकडं, उजवा हात-पाय गेलेला, बोलणं बंद. तिथल्या डॉक्टरनं पट्टा बांधला, पारा बघितला आन् माझ्याकडं बघितलं.

"आधी कधी मोजलं नव्हतं का?"

"मोजलंय," मी म्हणाले. कार्ड होतं ना.

दुसऱ्या दिवशी मायला घरी आणलं, आन् मी कॅम्प ज्या गावात गेल्ता तिथं गेले आन् मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते वरडले न्हाईत. "किती जणांनी केलं असं?" एवढंच विचारलं. तक्ता पोष्टानं वरच्या ऑफिसात कधीच गेला होता.

ते माझ्यासंग पायी आमच्या वस्तीत आले. यंत्र हातात, उंबऱ्या-उंबऱ्यावर बसून मोजलं. मायचं काय झालं ते ऐकून लोक घाबरले होते, आता ज्याचा त्याचा हात पुढं आला. पारा चढला. पुढच्या घरातबी चढला. डॉक्टर एकेक आकडा लिहून घेत गेले. "गावासारखंच आहे इथं," म्हणाले. "मला फरक दिसला, आणि मी खुश झालो. पुन्हा एकदा मोजायचं सुचलंच नाही मला." ज्यांचा पारा चढला त्या सगळ्यांना गोळ्या दिल्या, मायलाबी. नवा तक्ता मी कार्बन लावून टाइप केला, तोबी पोष्टानं गेला. त्याला काही उत्तर आल्याचं मला माहीत न्हाई.

माय डाव्या हातानं सारखी रस्त्याकडं दाखवायची. कळायचं मला. जागा गेली का, हेच. म्हणून मी खडीवर मुकादमाकडं गेले.

"मामा, माय बरी झाली की येईल. तिचं नाव कमी करू नका. ब्लडप्रेशर हाय तिला, पण..."

"काय हाय?"

मी सांगितलं. त्यानं तंबाखू मळता मळता ऐकलं.

"आमी कुठं इचारतो ते? डॉक्टरचा कागद इथं येतच न्हाई, पोरी. दोन हात चालतेत का, तेवढंच बघतो आमी." मंग त्यानं विचारलं, "चालतेत का तिचे?"

"एक चालतो."

त्यानं मान हलवली. मायच्या ढिगावर दुसरी बाई बसलेली होती, खडी फोडून राह्यली होती.

घरी आले. माय दाराकडंच बघत पडली होती. मी तिच्याजवळ बसले आन् सांगितलं, नाव हाय तुझं, कोणी काढलं न्हाई. तिनं डोळे मिटले.

सहाव्या दिवशी ती गेली.