आंबागडची चढण

मोहफुलांचा जड, गोड वास आला की मला आंबागडची ती चढण आठवते. बाबा आईशी भांडून घर सोडून गेले, त्याला बरीच वर्षं झाली होती. आंबागडला जंगलाच्या कामावर ते एकटेच राहत. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मी कुणाला न विचारता एसटीने त्यांच्याकडे गेले. मी विषय काढणार, तेवढ्यात ते म्हणाले, "चल, तुले किल्ला दाखवतो," आणि भराभरा चढू लागले. वाळका पाला पायाखालून सरकत होता, दगड तापले होते. "बाबा, काहून पळून राहिले?" मी ओरडले. ते बुरुजापाशी थांबले, पण वळले नाहीत. "लग्नाले याल ना?" मी विचारलं. "तुह्या मायनं बोलावलं काय?" "नाही. मी बोलावून राहिली." ते खाली धानाच्या रिकाम्या बांध्यांकडे पाहत राहिले. उतरताना मात्र त्यांनी माझा हात धरला, तो गाव येईपर्यंत सोडला नाही. लग्नाला ते आले, मांडवाच्या कडेला उभे राहिले; आईने त्यांना ताट वाढलं. आज माझी मुलगी काही अवघड विचारू लागली, की माझेही पाय आधी चपला शोधतात.