आईंचा चोविहार

आमच्या सासूबाई मुंबईतली चाळ सोडून भाईंदर पूर्वेला आल्या, त्या केवळ घरातल्या संडासासाठी. हे त्या स्वतःच सांगतात, पाहुण्यांसमोरसुद्धा. चाळीत बालदी घेऊन रांगेत उभं राहण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. इथे दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके बघायला आल्या, तेव्हा स्वयंपाकघर नंतर, आधी संडासाचं दार उघडून बघितलं म्हणे. त्याच दारापाशी गेल्या वर्षी त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला, आणि इतकी वर्षं पुरलेलं घर एकदम अपुरं पडायला लागलं. आमचा संडास स्वयंपाकघराच्या पलीकडे, बोळातून वळून. वॉकर त्या दारातून आत जाईना. दार मोठं करावं तर एका बाजूला पिलर, दुसऱ्या बाजूला पाइपांची डक्ट. मिस्त्रीने भिंतीवर दोनदा ठोकलं आणि म्हणाला, "भाभी, इधर हाथ लगाया तो पूरी बिल्डिंग हाथ में आएगी."

दिवसा आई माझ्या खांद्यावर हात ठेवून जात. प्रश्न रात्रीचा होता. हाक मारा म्हटलं की हो म्हणायच्या आणि एकट्याच भिंत धरून निघायच्या. मी चिडून बोलले तर म्हणाल्या, "दिवसभर राबतेस गं. रात्री तरी झोप."

शेवटी आम्ही ठरवलं, घरच बदलायचं. बेडरूम आईंना द्यायची, आम्ही दोघांनी हॉलमध्ये झोपायचं, आणि बेडरूमच्या कोपऱ्यात छोटासा कमोड काढायचा, धरायला दांडे लावून. बाहेरच्या भिंतीवर सांडपाण्याचा पाइप नेमका तिथेच होता. मिस्त्रीने जमिनीवर खडूने चौकोन आखला. आई वॉकर घेऊन त्या चौकोनात उभ्या राहिल्या, हळूहळू स्वतःभोवती वळल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "फिरता येतंय गं!" म्हणाल्या. हाड मोडल्यापासून त्या पहिल्यांदाच अशा हसत होत्या.

सोसायटीत अशा कामाला खालच्या घराची संमती लागते. आमच्या खाली गुजराती बेन राहतात, जैन, एकट्याच. आईंची आणि त्यांची मैत्री आम्ही इथे आलो तेव्हापासूनची. वरून आमटीची वाटी जाते, खालून खाखरे येतात, वाटी रिकामी कधी परत येत नाही. नवरा संमती मागायला गेला आणि तोंड पाडून वर आला. नेमक्या त्या कोपऱ्याखाली बेननी देवघर केलंय. संगमरवराचं, भिंतीत बसवलेलं.

"नाही म्हणाल्या?" मी विचारलं.

"हो म्हणाल्या. देवघराकडे बघत म्हणाल्या, ताई को तकलीफ है तो बना लो, मैं भगवान को दूसरी जगह बिठाऊँगी. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

आई पलंगावरून हे ऐकत होत्या. "मिस्त्रीला सांग, नको येऊस म्हणावं," त्या म्हणाल्या. "तिच्या देवाच्या डोक्यावर मी नाही बसणार. तिला सांग, पाइप जुळेना म्हणून."

"अगं, पण त्या हो म्हणतायत ना?" नवरा म्हणाला.

"हो म्हणाली म्हणूनच. बसलेले देव हलवल्यावर झोप लागेल का तिला?"

माझं डोकं फिरलं. देवाला सगळं कळतं, त्याला चालेल, असं काहीबाही मी बोलले. "देवाला चालेल गं," आई शांतपणे म्हणाल्या. "मला नाही चालणार." कुणावर तरी ओरडावं तर चुकलेलं माणूसच सापडेना. पिलरशी किती भांडणार? मग मी खाली भांडं असलेली खुर्ची आणली. आईंनी तिच्यावर धुतलेल्या साड्यांच्या घड्या ठेवल्या. "माझं तू उचलणार? मेल्यावर काय उचलायचं ते उचल." डायपरचं नाव काढलं तर दोन दिवस बोलल्या नाहीत.

आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, की आपणही बेनसारखा चोविहार करणार. म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही. सगळ्या बिल्डिंगला कौतुक. मराठी ताईंनी जैनांचं व्रत धरलं! मलाही आधी बरंच वाटलं, म्हातारीचं मन कुठेतरी रमलं म्हणून. पण चोविहारवाली माणसं सूर्यास्ताआधी पोटभर पाणी पिऊन घेतात, आणि आईंचा तांब्या दुपारपासून जिथल्या तिथे. मग लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतंय, संध्याकाळीसुद्धा प्यायला द्या. मी तसं सांगितलं तर आई म्हणाल्या, "व्रत मोडू होय?" नवऱ्याला सगळं समजलंय. तो बेडरूममधून जाताना जमिनीवरच्या खडूच्या चौकोनाकडे बघत नाही.

परवा संध्याकाळी बेन वर आल्या. ऊन खिडकीतून उतरत होतं. त्या आईंजवळ बसल्या, स्वतः तांब्यातून ग्लास भरला. "ताई, सूरज डूबने से पहले पी लो. जितना पीना है उतना." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझी सासू फार पुण्यवान छे. माझ्यामुळे व्रत घेतला, तो मला पण थोडा पुण्य मिळणार ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? खरं सांगितलं असतं, तर त्या माउलीने त्याच रात्री देव उचलले असते, आणि आईंनी मला जन्मात माफ केलं नसतं.

आईंनी बेनच्या हातातला ग्लास घेतला, ओठांना लावला, एक घोट घेतला. बेन समाधानाने खाली गेल्या. दार लागल्यावर मी तोच ग्लास पुन्हा पुढे धरला. "आई, प्या ना. अजून दिवस आहे. व्रत नाही मोडत."

त्यांनी ग्लास हळूच बाजूला सारला.

"दिवस आहे गं," त्या म्हणाल्या. "पण पुढे अख्खी रात्र काढायचीय मला."