काम, माणूस, यंत्र

“पद नको, माणूस सांगा,” असं म्हणून बाई उघडलेल्या पेनाला पुन्हा टोपण लावायच्या. समोरच्यानं नाव घेईपर्यंत पेन बंद.

माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात मी जनसंपर्काचं काम पाहतो. नवी संगणक प्रणाली बसायची होती. त्याआधी कारखान्यात कोणकोणती कामं होतात, ती कोण करतं आणि कशावर करतं, याचा नकाशा काढायला या बाई आल्या. मूळच्या गेवराईच्या, वय पस्तिशीचं. सभागृहाच्या भिंतीवर त्यांनी खाकी कागद चिकटवला आणि तीन रकाने आखले: काम, माणूस, यंत्र.

कचेऱ्या तुम्हीही पाहिल्या आहेत. काम एकाच्या नावावर असतं, करतो दुसराच. शेतकी अधिकारी म्हणाले, “ऊसतोडीचा क्रम आमचा विभाग ठरवतो.” टोपण लागलं. “म्हणजे मी ठरवतो.” टोपण तसंच. “बरं, आमचा क्लार्क ठरवतो. मी सही करतो.”

“सही करणं हेही काम आहे, साहेब. लिहिते,” बाई म्हणाल्या.

गाडीतळावर एक चाचा होते. कागदावर वॉचमन. फाटकावर कॅमेरे लागणार म्हणून वॉचमनची पदं बंद करायचं कार्यकारी संचालकांनी ठरवलं होतं. चाचांच्या निवृत्तीला अजून सहा वर्षं होती.

बाई दोन दिवस गाडीतळावर उभ्या राहिल्या. चाचा फाटकाकडे फिरकतही नव्हते. ट्रॅक्टरचा ऊस क्रेन एका दमात उचलते, बैलगाडीचा हातानं उतरवावा लागतो. चाचा दोन्हींचा मेळ घालून वाहनं सोडत. त्यामुळे गव्हाण, म्हणजे ज्यातून ऊस गाळपाला आत जातो ती जागा, कधी रिकामी पडत नसे.

“हे काम तुम्हाला कुणी दिलं, चाचा?”

“कुणी न्हाई. गव्हाण रिकामी दिसली की जीव ऱ्हात न्हाई.”

“पण हे कुठंच लिहिलेलं नाही.”

“लिहिलेलं न्हाई म्हंजी काम न्हाई का, म्याडम?”

बाईंनी संचालकांची परवानगी काढली आणि चाचांना एक पाळी खुर्चीवर बसवलं. बोलायचं नाही, हातही करायचा नाही. वाहनं टोकनच्या क्रमानं सुटू लागली. सकाळ बरी गेली. मग ओळीनं बैलगाड्याच आल्या.

“ओ चाचा, बसलाव कावून?” एक गाडीवान ओरडला. “जावई हाव का कारखान्याचे?”

“गप बे. मला बोलायची बंदी हाय.”

दुपारी गव्हाण रिकामी पडली आणि गाळप थांबलं. संचालक तावातावानं बाहेर आले. “कुणी काय केलं?”

“यांनी काही केलं नाही,” बाई म्हणाल्या, “म्हणून थांबलं.”

चाचा खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. संचालकांनी ते हात पाहिले. “उठवा त्यांना,” एवढंच बोलले.

संध्याकाळी खाकी कागदावर एक ओळ वाढली: ‘गव्हाण भरलेली ठेवणे’. तिच्यापुढे चाचांचं पूर्ण नाव. वॉचमनचं पद गेलं, चाचा राहिले. प्रणालीत ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या दोन रांगा आल्या. कुठल्या रांगेतून किती वाहनं सोडायची, ते चाचा सांगणार. त्याच ओळीखाली बाईंनी लाल शाईनं लिहिलं: ‘या कामाला दुसरा माणूस नाही. शिकवा.’

हंगाम संपायच्या आत त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या कामावर गेल्या. निरोप समारंभ झाला नाही. चाचांनी वजनकाट्यावरच्या ऑपरेटर बाईंना मेळ शिकवायला घेतला. पहिले काही दिवस दोघांचं रोज भांडण व्हायचं, मग कमी झालं.

या जानेवारीत रजेवर गेलेल्या चाचांचा मला फोन आला. “गव्हाण?”

“भरलेली आहे.”

“नीट बघितलं का?”

“समोर उभा आहे, चाचा.”

 मग त्यांनी खाकी कागदवाल्या बाईंचा नंबर मागितला.

“त्यान्ला सांगावं म्हणतो,” ते म्हणाले. “लेकीच्या रानात हुरडा खातोय. ऐन हंगामात.”